मामांच्या गळ्यातला टॅग

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर वाचताना मनात हसतो. आमच्या घरात असलं काही चालतच नसे. वडिलांनी बाहेरच्या खोलीत बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या होत्या. ताप आला तर डॉक्टर, अंगारा नाही, हा घरचा नियम. पुढं मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मेन्टेनन्सला लागलो. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, आणि ते शोधलं की सापडतं... पंचवीस वर्षं याच एका गोष्टीवर मी पगार घेतोय.

तेव्हा पुढचं भुताची गोष्ट म्हणून वाचू नका. यात भूत कुठंच नाही. यात माझी एक चूक आहे, आणि ती चार वर्षं मी कुणालाही सांगितली नव्हती.

मला रेडिओचा नाद आहे. हल्ली त्याला मोठी पेटी लागत नाही. पेनड्राइव्हएवढं एक डोंगल लॅपटॉपला लावायचं, त्याला अँटेना जोडायचा, बाकीचा सगळा रेडिओ सॉफ्टवेअरमध्ये. याला एसडीआर म्हणतात. हवेत काय काय चाललंय ते पडद्यावर वरून खाली सरकत दिसतं, सिग्नल असला की तिथं उजळ ठिपके उमटतात. रविवारी आम्ही चार-पाच नादिष्ट मिळून एक खेळ खेळतो. एकानं छोटा ट्रान्समीटर कुठंतरी लपवायचा, बाकीच्यांनी शोधायचा. स्टीलची मोजपट्टी कापून, पीव्हीसी पाइपवर बसवून केलेला अँटेना हातात धरायचा, सावकाश गोल फिरायचं. ज्या दिशेला सिग्नल सगळ्यात जोरात, त्या दिशेनं नकाशावर रेघ मारायची. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन दुसरी. रेघा जिथं कापतात तिथं ट्रान्समीटर.

आमचे सासरे — मी त्यांना मामा म्हणायचो, बाकी सगळे आबा — वीज खात्यात वायरमन होते. उभी हयात खांबांवर गेली. वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग घर. कोल्हापुरात आमच्याकडं असायचे, आणि दार उघडं दिसलं की "लाईन बघून येतो" म्हणून चालू पडायचे. दोनदा सापडले. दुसऱ्यांदा रंकाळ्याच्या काठावर. त्यानंतर सुनंदा, म्हणजे माझी बायको, आठवडाभर धड झोपली नाही.

म्हणून मी त्यांच्यासाठी टॅग केला. काडेपेटीपेक्षा लहान डबी, गळ्यात दोरीनं बांधायची. दर दहा सेकंदाला दोन आखूड, एक लांब असा टुं-टुं-टूंऽऽ सिग्नल. ती खूण मी मुद्दाम ठेवली होती, कारण त्या फ्रीक्वेन्सीवर गाड्यांच्या किल्ल्या, दारावरच्या घंट्या असला बराच कचरा असतो. शिवाय त्यातलं फ्रीक्वेन्सी ठरवणारं क्रिस्टल स्वस्तातलं, त्यामुळं सिग्नल ठरल्या जागेपासून पडद्यावर थोडा डावीकडं दिसायचा. लाखात ओळखला असता मी तो. आत रुपयाएवढा एक बटण-सेल. मी प्रत्येक सेलवर मार्करनं तारीख लिहून ठेवायचो.

एका सोमवारी सकाळी कामावर निघालो, तर गाडीच्या किल्लीचं रिमोट बंद. तोच सेल लागतो त्याला. घरात दुसरा नव्हता. मामा आंघोळीला गेले होते, टॅग खुंटीवर. झाकण फिरवलं, सेल काढला, किल्लीत घातला. संध्याकाळी येताना नवीन आणू म्हटलं.

आणला नाही. विसरलो. नुसता विसरलो, याहून मोठं कारण माझ्याकडं नाही.

त्यानंतर सुनंदा मामांना घेऊन माहेरी गेली. बिद्रीपासून चार-पाच किलोमीटरवर गाव, नाव देत नाही. एका बाजूला कालवा, बाकी तीन बाजूंना ऊस. जानेवारीचे दिवस, साखर कारखाने जोरात, पण निम्म्या शिवाराला अजून तोड आली नव्हती. पुरुष दीड पुरुष उंचीचा ऊस उभा होता.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी साडेदहाला कामावर असताना तिचा फोन आला.

"अहो, आबा न्हाईत. आठ वाजल्यापासनं न्हाईत."

"बघत कोण होतं?"

"मीच की. पण गळ्यात ते तुमचं यंत्र होतं ना, म्हणून मी निवांत धुणं धुवायला बसले... यंत्र घेऊन या लवकर. मी सगळ्यांना सांगितलंय, तुम्ही आलात की सापडतील."

सगळं सामान रविवारपासून डिकीतच होतं. पार्किंगमध्ये पळत गेलो, लांबूनच किल्लीचं बटण दाबलं. गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले.

आणि मला कळलं.

त्या दोन दिव्यांकडं बघत मी किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मग किल्लीचं झाकण नखानं उघडलं. माझ्या अक्षरातली तारीख. मामांच्या गळ्यात नऊ दिवस रिकामी डबी होती, आणि त्या डबीच्या भरवशावर सुनंदानं पाठ फिरवली होती.

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथं फोन करून सांगायचं. व्हय, सांगायला पाहिजे होतं. मुरगूडमार्गे जाताना पूर्ण रस्ताभर वाक्य जुळवत होतो. गावात पोचलो तर देवळासमोर पन्नासेक माणसं, आणि एक म्हातारी म्हणत होती, देवऋष्याला विचारा. त्यावर माझा मेहुणा संजय सगळ्यांदेखत म्हणाला, "देवऋषी कशाला? आमचं दाजी आलं की यंत्र घेऊन."

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. रस्ताभर जुळवलेलं वाक्य गिळून मी डिकी उघडली.

मामांना मधुमेह होता. सकाळची गोळी घेतलेली, पोटात एक कप चहा. जास्त वेळ गेला तर साखर उतरून बेशुद्ध पडतील, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्यात कुणीतरी सकाळी एक म्हातारा कालव्याच्या बाजूला जाताना पाहिला होता, त्यामुळं दहा-बारा पोरं कालव्यात उतरून काठीनं तळ चाचपत होती. मी कालव्याच्या भरावावर लॅपटॉप उघडला, डोंगल लावलं, अँटेना हातात घेतला, आणि नाटक सुरू केलं. दुसरा शब्द नाही त्याला. चेहरा गंभीर ठेवून मी गोल फिरत होतो. मनात एकच — अर्धा तास काढायचा, मग "रेंज न्हाई" म्हणायचं आणि मीही काठी घेऊन कालव्यात उतरायचं.

"येतंय काय दाजी?"

"बघूया."

एक गुराखी म्हातारा जवळ येऊन अँटेना न्याहाळत होता. "ह्यो टेप हाय न्हवं? सुताराचा?"

"व्हय."

"मग माणूस सापडला तर लांबी बी मोजणार काय?"

मी हसलो नाही. पूर्वेकडं तोंड करून उभा होतो, उसाच्या बाजूला. पडद्यावर दोन आखूड ठिपके आले. मग एक लांब.

मला वाटलं डोळ्यांवर ताण आलाय. दहा सेकंद मोजले. परत आले. ठरल्या जागेपासून थोडे डावीकडं... तिथंच.

पहिला संशय आला तो खिशातल्या किल्लीचा. तिचीही फ्रीक्वेन्सी तीच. पण किल्ली बटण दाबल्याशिवाय बोलत नाही, आणि बोलली तरी तिची खूण निराळी. तरी खात्री असावी म्हणून किल्ली संजयला दिली, म्हटलं ही घेऊन पार देवळापर्यंत जा.

"किल्ली? कशाला?"

"जा म्हणतोय न्हवं."

तो गेला. सिग्नल तसाच. अँटेनाची वायर काढली, सिग्नल गेला. लावली, आला. तोंड कालव्याकडं केलं, मंदावला. उसाकडं केलं, जोरात. म्हणजे लॅपटॉपातला बिघाड नव्हता. हवेतून येत होता, एका जागेवरून येत होता. आणि तो येऊ शकत नाही हे त्या अख्ख्या गावात एकट्या मला माहीत होतं.

नकाशावर पहिली रेघ मारली. मग डेअरीच्या स्लॅबवर चढून दुसरी, पलीकडच्या पाणंदीतून तिसरी. आमच्या खेळात तीन रेघा एका टिंबात कधीच भेटत नाहीत. हात हलतो, भिंतीवरून सिग्नल उलटतो, एक लहानमोठा त्रिकोण राहतोच. त्या दिवशी तिन्ही रेघा एका टिंबात भेटल्या. पाणंदीपासून दोन-अडीचशे मीटर आत, सलग उभ्या उसाच्या पोटात.

आता काय करायचं? कालव्यातली माणसं इकडं वळवायची तर कशाच्या जोरावर? आणि मामा पाण्यात असले तर? मी एकदा चुकलो होतो. दुसऱ्यांदा चुकलो असतो तर तोंड दाखवायला जागा नव्हती. सुनंदा शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पडदा बघितला, तिला त्यातलं काही कळत नाही. "कुठं?" एवढंच विचारलं.

मी उसाकडं बोट केलं. "तिथं हायत."

एवढं खणखणीत मी आयुष्यात कधी बोललो नसेन.

संजयनं कालव्याकडं आवाज टाकला. माणसं यायच्या आधीच मी पाणंदीवरून उसात शिरायला गेलो, तर शेताचे मालक तात्या आडवे आले. हातात मोजपट्टीचा अँटेना, काखेत लॅपटॉप बघून त्यांचा निराळाच समज झाला होता.

"काय पावणं, मोजणीला आलाय न्हवं? कुणी बोलवलं? त्या बापूनं?"

"मोजणी न्हाई तात्या, माणूस हरवलाय आमचा—"

"कागद दावा. नोटीस न देता मोजणी व्हत न्हाई, मलाबी ठावं हाय. बांध माझा हाय आणि टेप लावू देणार न्हाई."

तोवर बांधाच्या पलीकडनं बापू धावत आले. त्यांना वाटलं मोजणी तात्यांनीच आणली. "आत्ता बरा सापडलास. गपचूप मोजून घेतोय व्हय?"

दोघांची जुंपली. बारा वर्षांचा वाद, एका वाक्यात कुठला संपतोय? दोघांनीही आपापल्या माणसांना हाका मारल्या. वस्तीवरनं दोन्ही बाजूंची वीस-पंचवीस माणसं कोयते-काठ्या घेऊन बांधावर हजर. मी मध्ये उभा, हातात ती पट्टी. तेवढ्यात सुनंदा पुढं झाली.

"तात्या, वायरमन आबा हरवलेत. तुमच्या विहिरीवरची पहिली लाईट कुणी जोडली?"

तात्या थबकले. "वायरमन आबा? आमचं आबा?" मग बापूंकडं वळून म्हणाले, "बांधाचं उद्या बघू. माणसं लाव."

"तू तुझी लाव. माझी निघाली बी."

आणि जी माणसं भांडायला आली होती तीच उसात शिरली. एका सरीत एक माणूस, तात्यांचा एक, बापूंचा एक, असे ओळीनं. कालव्यावरनं आलेलेही मिसळले. मधल्या सरीत मी. आत उसाच्या पात्यांनी हात-तोंड कापत होतं, दोन पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. लॅपटॉप संजयच्या हातात, माझ्या कानात हेडफोन. टुं-टुं-टूंऽऽ. प्रत्येक दहा सेकंदाला आधीपेक्षा मोठा. ओला ऊस सिग्नल खातो, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी खात नव्हता.

मग समोर खांब दिसला. शेतपंपाच्या लाइनचा जुना लोखंडी खांब, आणि त्याला पाठ टेकवून मामा बसले होते. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. कवळी काढून खिशात. हातात उसाचं कांडं, त्याचा रस चोखत होते.

मी कानातले हेडफोन काढले. त्यांनी वर बघितलं, ओळखलं नाही.

"कुठलं पावणं?"

"कोल्हापूरचं."

"बरं झालं आलासा. लाईन बंद ठेवलीय, कुणी हात लावू नका म्हणावं." मग माझ्या हातातल्या अँटेनाकडं बघून म्हणाले, "हेल्परशिवाय खांबावर चढायचं नसतं. तुमचीच वाट बघत हुतो."

दुपारचे पावणेतीन झाले होते.

नंतरचं सगळं गाव आजही सांगतं. मामांना तात्यांच्या खांद्यावरनं बाहेर काढलं, निम्म्या वाटेत बापूंनी घेतलं. सोसायटीच्या निवडणुकीतला गुलाल कुणाच्या तरी घरी उरला होता, तो आला. हलगी आली. मला अँटेनासकट उचललं आणि देवळापर्यंत नेलं. तो गुराखी म्हातारा मिरवणुकीपुढं नाचत होता. डॉक्टरांनी मामांची साखर तपासली, म्हणाले उतरलीय पण धोका टळलाय, ह्यांना उसानं तारलं. "मधुमेहाच्या माणसाला ऊस खा असं मी पहिल्यांदाच सांगतोय," म्हणून स्वतःच हसले. सुनंदा भिंतीला टेकून रडत होती आणि रडता रडता वडिलांच्या शर्टाला लागलेली उसाची पाचट काढत होती. त्या दिवसाइतका आनंद मी दुसरा पाहिलेला नाही. तो खोटा नव्हता. मामा जिवंत होते.

मामांच्या गळ्यातला टॅग काढून घेतला आणि दवाखान्याच्या मागच्या बाजूला जाऊन मी त्याचं झाकण फिरवलं. आशा होती, की आपणच कधीतरी नवा सेल घातला असेल आणि विसरलो असू. आत काही नव्हतं. सेल बसायच्या पितळी पट्टीवर घामानं हिरवट थर धरला होता.

वाचकांतले इंजिनिअर आता सरसावून बसले असतील, म्हणून सांगून टाकतो. वरच्या तारेतनं वीज ओढली असेल? त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीला होती, दिवसा लाईन मेलेलीच. मी खात्यातल्या माणसाकडनं खात्री करून घेतली. गावात दुसरं कुणाचं यंत्र? ती खूण माझी, तो डावीकडचा सरकलेपणा माझ्या क्रिस्टलचा. मला भास झाला? माझं सॉफ्टवेअर चालू असेल तेवढं सगळं आपोआप साठवून ठेवतं. ती फाईल माझ्याकडं आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकाला दाखवली, तो म्हणाला, सिग्नल झकास आहे, अडचण काय? मी म्हटलं, काही नाही.

पुढं मामा तीन वर्षं राहिले आणि मागच्या वर्षी घरात, झोपेत गेले. संजयनं गावच्या घरी त्यांच्या फोटोशेजारी तो टॅग ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "आमच्या दाजींची करामत." दर वेळी मी पाणी प्यायला आत जायचो.

गेल्या महिन्यात पहिला स्मृतिदिन होता. बुद्धवंदना झाली. लोक मामांच्या आठवणी सांगत होते आणि बोलणं फिरून माझ्यावर आलं. "दाजी, बोला की दोन शब्द." मी उठलो. फोटोशेजारचा टॅग उचलला, झाकण उघडलं आणि सगळ्यांना दाखवलं. किल्ली, नऊ दिवस, भरावावरचं नाटक, सगळं सांगितलं. सुनंदाकडं बघायचं धाडस झालं नाही.

तात्या मागून म्हणाले, "म्हंजे सेल नव्हता?"

"नव्हता."

"आन् तरीबी तू उसाकडं बोट केलंस?"

"केलं."

"मग तर लईच झालं की," तात्या म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या बापूंच्या मांडीवर थाप मारली. बापू म्हणाले, "आमी बिनसेलाचंच शिरलो व्हय रं." बसलेली माणसं हसायला लागली. मी चार वर्षं ज्या दिवसाला भ्यायलो होतो तो असा गेला.

सुनंदा हसली नव्हती. परतताना अर्ध्या वाटेत ती समोर बघतच बोलली.

"नऊ दिवस?"

"नऊ दिवस."

"आणि मी रोज सकाळी ते त्यांच्या गळ्यात बांधत होते."

"व्हय."

"ते नसते सापडले तर मी तुम्हाला कधी माफ केलं नसतं. हे ऐकून ठेवा."

"ठेवलं."

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. "चार वर्षं तुम्ही माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. मला वाटत होतं, कारखान्यात एखादी भानगड हाय तुमची."

"भानगड? माझी?"

"तेच म्हणते. मीच मनात म्हणायचे, ह्यांना कोण बघणार." आता ती हसायला लागली, आणि मीही, आणि गाडी कडेला घ्यावी लागली.

हसू ओसरल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले. "मग वाजत काय होतं त्या दिवशी?"

"माहीत न्हाई."

"एवढं शिकलाय, आणि माहीत न्हाई?"

"खरंच माहीत न्हाई, सुनंदा."

तिनं मान हलवली, काच खाली केली आणि म्हणाली, "चला, उशीर होतोय." कोल्हापूर येईपर्यंत ती खिडकीशी डोकं टेकून गाढ झोपली होती.